कोरडी फट

बॉनेट उघडण्याआधी थोडं थांबू या.

गाडी बंद पडली आहे. हेडलाइटच्या उजेडात घाटाचा कठडा दिसतो आहे, मागे हौद्यात माल आहे आणि हात आपोआप पान्याकडे निघाला आहे. तो हात मागे घ्या. चावी फिरवून आणखी एकदा सेल्फ मारावा असं वाटेल. तेही आत्ता नको. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या चाकाला दगड लावा, चारी इंडिकेटर चालू करा. एवढं झालं की खाली उतरा आणि गाडीशेजारी नुसते उभे राहा.

पुढची काही मिनिटं काही उघडायचं नाही, काही बदलायचं नाही. डिझेल टाकीतून निघून नोझलपर्यंत ज्या वाटेने जातं, त्या वाटेने मनाने एकदा चालायचं आहे. वाट जेमतेम तीन-चार मीटरची. ती सावकाश चालायला शिकेपर्यंत माझे दोन महिने गेले, आणि एका हंगामातली बरीचशी कमाई.

मी गुहागरकडचा. घरची हापूसची कलमं आहेत. एप्रिल-मे महिन्यात पिकअप भरायची आणि रात्रीची निघून पुण्याला पोचायचं, हे वर्षानुवर्षांचं. चिपळूण सुटलं, पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. त्या रात्री हौद्यात साठ पेट्या होत्या. पहिली काही वळणं गाडी नीट ओढत होती. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना तिचा आवाज बसत गेला, दोन आचके दिले आणि बंद. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर बराच वेळ फिरून चालू झाली. अर्धा किलोमीटर गेली आणि पुन्हा तेच. असं करत करत कोयनानगरला पोचेपर्यंत उजाडलं. पुण्यात पोचलो तेव्हा बाजार उठला होता.

मी एका वर्कशॉपला गाडी नेली. कॉम्प्युटर लावला तर स्क्रीनवर आलं, रेलमध्ये, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी. दाब तयार करतो पंप, म्हणून पंप उतरवला आणि दुसरा बसवला. चार दिवस गाडी बरी चालली. पाचव्या दिवशी पुन्हा कुंभार्लीतच उभी राहिली. आता नोझल बदलावे लागतील, असं ठरलं. पैसे जमवायला मी थोडी मुदत मागून घेतली. त्या मुदतीतच, हंगामातल्या शेवटच्या खेपेला, पाटणच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडपाशी गाडी थांबली आणि तिथल्या मिस्त्रींची गाठ पडली.

मिस्त्री वयस्कर होते. बाहेर आले, कपड्याला हात पुसले आणि बॉनेटला हात न लावता त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

“पाव्हणं, सकाळी पटकन चालू होती का? चढाला काय करती? आणि टाकीत डिझेल किती असताना बंद पडती?”

आपल्याकडे मननाच्या आधी श्रवण सांगितलं आहे. इंजिनालाही तोच क्रम आहे. तेव्हा तुमच्या गाडीला हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर देताना घाई करू नका. अंदाज सांगू नका, तक्रार करू नका. जे घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने आठवा.

सकाळ आठवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला खूप सेल्फ मारावा लागतो आणि एकदा चालू झाली की मग दिवसभर पहिल्या झटक्यात लागते, असं होतं का? पुढचं तोंड चढाकडे करून उभी केली तर जास्त होतं का? होत असेल तर रात्रीतून पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं आहे. वरून बोट लावून धरलेल्या नळीतलं पाणी खाली पडत नाही, बोट काढलं की पडतं. तुमच्या पाइपावरचं बोट कुठेतरी उचललं गेलं आहे.

चढ आठवा. उभ्या गाडीचं इंजिन तासाला जेमतेम लिटरभर डिझेल पितं. तेच इंजिन भरल्या हौद्यासकट घाट चढताना त्याच्या दहा पटीच्या आसपास मागतं. वाट अर्धी बुजलेली असली तरी लिटरभर डिझेल त्यातून सुखाने येतं. दहा लिटर येत नाही. म्हणून अंगणात उभी करून कितीही रेस दिली तरी गाडी निरोगीच वाटते. वर्कशॉपच्या सपाट फरशीवर माझी गाडी कधीच बंद पडली नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनात ठेवा, ते पुढे लागेल. त्याआधी धूर आठवा. आरशात काय दिसत होतं? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतं आहे, जळत नाही. काहीच येत नसेल तर ते पोचतच नाही. चढाला गाडी ओढत नाही आणि मागे काळा लोट सुटतो, तेव्हा डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडते. मग एअर फिल्टर आणि टर्बोचे होज बघायचे. ओढत नाही आणि धूरही नाही, तेव्हा डिझेल कमी पडतं आहे. बीएस-6 गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिथे धुराची ही खूण मिळणार नाही. जुन्या गाडीत मात्र ती फार कामाची.

आता टाकीपाशी या.

टाकीच्या झाकणावर तळहात ठेवा. डिझेल इथून इंजिनाकडे कसं जातं? आपण म्हणतो, पंप ओढून घेतो. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो डिझेल पुढे ढकलतो. माझ्यासारख्या पुष्कळ गाड्यांत तसा पंप नाही. इंजिनाजवळचा पंप लांबून डिझेल ओढतो. पण ही ओढ नीट बघा. पंप फक्त आपल्या तोंडाशी थोडी पोकळी करतो. टाकीतल्या डिझेलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, साधारण 1 बार, आणि ती हवाच डिझेलला पाइपात वर चढवते. उसाचा रस स्ट्रॉने पिताना हेच होतं. ओठ जागा करून देतात, ढकलते ती ग्लासवरची हवा.

म्हणून टाकीला श्वास लागतो. जेवढं डिझेल गेलं तेवढी हवा आत यायला हवी, आणि ती येते झाकणातल्या किंवा टाकीवरच्या बारीकशा वाटेने. ती वाट चिखलाने, धुळीने बुजली तर टाकीत हळूहळू पोकळी धरते. गाडी पंधरा-वीस किलोमीटर नीट जाते, मग दम टाकते. थांबलं की हवा झिरपत आत येते आणि गाडी पुन्हा चालू होते. अशा वेळी झाकण सैल केलं की टाकी “हुस्स” करून हवा आत ओढते. हा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो पुढे कधीही पंपापासून सुरुवात करत नाही. एका छिद्राएवढी चूक, आणि तिची लक्षणं हुबेहूब बिघडलेल्या पंपाची.

तळहात तसाच ठेवा आणि टाकीच्या तळाशी काय असेल ते डोळ्यांसमोर आणा. डिझेल पाण्याहून हलकं. लिटरला साधारण 830 ग्रॅम. म्हणून पाणी नेहमी खाली बसतं. कोकणातल्या दमट रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीच्या वरच्या पत्र्याला आतून दव धरतं, थेंब होतो, डिझेलमधून बुडत तळाला जातो. पुष्कळ दिवस साचलं की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशीसुद्धा वाढते; डिझेल खाऊन जगणारी, काळपट, बुळबुळीत. जुन्या टाकीत गंज असतो, कॅनने ओतलेल्या डिझेलबरोबर आलेली काडी असते, चिंधीचा तुकडा असतो. चढाला ओढ वाढली की हा कचरा जाऊन जाळीला चिकटतो. गाडी बंद पडली की ओढ संपते, कचरा सुटून खाली बसतो, आणि दहा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. झाकणाची आणि जाळीची लक्षणं इतकी सारखी, की झाकण उघडून ऐकल्याशिवाय फरक कळत नाही.

माझ्या टाकीने “हुस्स” केलं नाही. मिस्त्रींनी झाकणातून फुंकर मारून पाहिली, झाकण पुसलं, परत लावलं. मग ते गाडीखाली गेले.

तुम्हीही मनाने खाली वाका. टाकीवरून निघालेला पाइप चॅसीच्या कडेकडेने पुढे जातो. काही भाग लोखंडी, काही प्लॅस्टिकचा, वळणावर रबरी नळी, प्रत्येक जोडावर एक क्लिप. हा पाइप कुठे गळतो का, हे आपण कसं बघतो? ओलं शोधतो. डिझेलचा डाग, त्यावर चिकटलेली धूळ, वास. मीही तसंच पाहिलं होतं, दोनदा. सगळं कोरडं होतं, म्हणून पाइप ठीक आहे असं मी दोनदा ठरवलं.

इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण माझे दोन महिने इथेच गेले.

दाबाखाली असलेल्या पाइपाला फट पडली तर आतलं बाहेर येतं. ओढीखाली असलेल्या पाइपाला फट पडली तर बाहेरचं आत जातं. आत हवेचा दाब कमी, बाहेर जास्त. डिझेलला बाहेर यायला कारणच नाही. ती फट हवा पीत राहते आणि बाहेरून कोरडी दिसते. गाडी बंद केली की त्याच फटीतून हवा शिरून पाइपातलं डिझेल मागे उतरतं, तेव्हाही ती कोरडीच. जिथे ओलं दिसेल तिथे दुखणं, हा आपला सगळ्यांचा हिशोब आहे आणि गाडीच्या पुढच्या भागात तो खराही ठरतो. या मागच्या तीन मीटरांत तो उलटा आहे.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. फिल्टरकडे येणारा काळा पाइप सोडवला आणि मधे वीतभर पारदर्शक नळी जोडली. हँड पंप मारून डिझेल वर आणलं, गाडी चालू केली आणि मला म्हणाले, “बघा आता. बोलू नका, बघा.” टॉर्चच्या उजेडात फिकट पिवळं डिझेल वाहत होतं. आधी मला काहीच दिसलं नाही. मग एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. नळीच्या वरच्या कडेला चिकटून सरकत गेला. मागून दुसरा. मग तिघे-चौघे एकत्र. त्यांनी रेस वाढवायला सांगितली तशी त्यांची माळच लागली.

मग बोटावर ग्रीस घेऊन ते पुन्हा खाली गेले आणि पाइपाच्या एकेका जोडावर लेप देत मागे सरकले. पुढच्या जोडाला लेप, बुडबुडे तसेच. मधल्या जोडाला, तसेच. टाकीजवळ, जिथे रबरी नळी लोखंडी तोटीवर चढवलेली होती, तिथे लेप बसला आणि माझ्या डोळ्यांसमोर माळ विरळ होत थांबली. नळी उन्हाने कडक झाली होती. क्लिपेच्या कडेला, बोटाने चाचपल्याशिवाय कळणार नाही अशी, नखाएवढी चीर होती. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. कोरडी होती.

टाकी भरलेली असताना गाडी बरी का चालायची, तेही तिथेच उलगडलं. डिझेलची पातळी वर असली की पंपाला कमी ओढावं लागतं, फट कमी हवा पिते. पातळी अर्ध्यावर आली आणि त्यात गाडीचं तोंड चढाला लागलं, की ओढ वाढते, हवाही वाढते. पंप बदलल्यावर चार दिवस गाडी बरी चालली, कारण वर्कशॉपमधून निघताना मी टाकी भरली होती.

कडक झालेला भाग कापून नळीचा नवा तुकडा बसवला. वीतभर रबर आणि दोन क्लिपा.

मी पैसे विचारायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. “एक सापडलं म्हणून उठायचं नसतं. वाट शेवटपर्यंत बघू.” तुम्हीही उठू नका. फिल्टरपाशी या.

फिल्टर म्हणजे दुमडलेला जाड कागद. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. हा कागद त्याहून कितीतरी बारीक, चार-पाच मायक्रॉनचे कणही अडवतो. कारण पुढच्या पंपातले आणि नोझलमधले भाग दोन-तीन मायक्रॉनच्या फरकाने एकमेकांत बसलेले असतात. फिल्टर चोंदला म्हणजे त्याने आपलं काम केलं. त्याच्यावर चिडू नका, तो वेळेवर बदला.

फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. स्वच्छ काचेची बाटली धरा, स्क्रू सैल करा, कपभर घ्या आणि बाटली बॉनेटच्या कडेवर ठेवा. आता हलवू नका. पाच मिनिटं फक्त बघा. वर पिवळसर डिझेल स्थिरावतं. पाणी असेल तर खाली एक स्पष्ट रेघ उमटते आणि रेघेखाली वेगळाच, पांढुरका थर दिसतो. तळाला तांबूस कण म्हणजे टाकीत गंज. काळे धागे म्हणजे बुरशी. तुम्ही कधीच आत उतरून न पाहिलेली टाकी त्या बाटलीत उभी असते. माझ्या बाटलीत बोटभर पाणी निघालं. गेल्या पावसाळ्यापासूनचं असावं.

फिल्टरच्या डोक्यावर पुष्कळ गाड्यांत हँड पंप असतो. अंगठ्याने दाबत राहा. सुरुवातीला तो पोकळ लागतो, मग जड होत जातो, शेवटी दगडासारखा घट्ट. तो घट्टपणा अंगठ्याने लक्षात ठेवा. वाटेत आता फक्त डिझेल आहे, एवढंच तो सांगतो. दाबत राहिलात आणि तो पोकळच लागला, तर हवा अजून येते आहे.

एका बुडबुड्याने एवढं काय बिघडतं? हवा दबते, डिझेल जवळजवळ दबत नाही. डिझेलच्या एका टोकाला धक्का दिला की तो जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोचतो. मधे बुडबुडा असेल तर धक्का त्याच्यातच विरतो. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेच्या झोतानेच आत फुंकत. त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे; कारखान्यात आणि बोटींवर ते चालून गेलं. 1927 पासून बॉश कंपनीचे, हवेविना नुसतं डिझेल दाबून फवारणारे पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि मग डिझेल इंजिन ट्रकांमध्ये पसरलं. आज तुमच्या-माझ्या बॉनेटखाली जो पंप आहे, त्याचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर: त्याच्या हाती येणाऱ्या डिझेलमध्ये हवा नसेल.

आता पंप आणि रेल. इथे मनानेच जा, हाताने नको.

फिल्टरच्या मागे सगळा कारभार 1 बारच्या आतला होता. पंपाच्या पलीकडे तोच आकडा 1,600 बारच्या घरात जातो. या बाजूच्या पाइपाचा नट चालू गाडीत कधीही सैल करू नका. जुन्या इंजिनांत नट ढिले करून एअर काढायची पद्धत होती; कॉमन रेलमध्ये ती जीवघेणी आहे. गळती बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, आत हात सडू शकतो. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या.

सुरुवातीला सेल्फ मारू नका म्हणालो, तेही याच पंपासाठी. त्याला वेगळं वंगण नसतं, त्याच्या अंगातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 10 भाग एवढंच उरलं आहे. ते काढताना डिझेलचा मूळचा स्निग्धपणा कमी होतो आणि तो वेगळं द्रव्य मिसळून भरून काढावा लागतो. हवा भरलेला पंप फिरत राहिला की तो कोरडा घासतो, आणि त्यातून निघालेला धातूचा कीस रेलमध्ये, नोझलमध्ये, परतीच्या पाइपाने टाकीतही जातो. अंधारात वैतागून मारलेले दहा सेल्फ वीतभर नळीचं काम पंपापर्यंत नेऊ शकतात.

रेलवर दाब मोजणारा सेन्सर असतो. बहुतेक गाड्यांत साधारण 200 बार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडत नाही. त्या वर्कशॉपच्या स्क्रीनवर आलेला मजकूर खोटा नव्हता. रेलमध्ये दाब कमीच होता. पण तो कमी दिसण्याची जागा आणि कमी होण्याची जागा यांत तीन मीटरांचं अंतर होतं. निदान या शब्दाचा जुना अर्थ मूळ कारण असा आहे. स्क्रीन लक्षण सांगते. मुळापर्यंत चालत कुणीतरी माणसानेच जायचं असतं, आणि त्या दिवशी माझ्यासाठी कुणी चाललं नाही. मी स्वतःही नाही.

शेवटी नोझल. मिस्त्रींनी चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून औषधाच्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि गाडी दोन मिनिटं चालू ठेवली. नोझल फवारतो त्याखेरीज थोडं डिझेल परत पाठवतो. झिजलेला नोझल जास्त परत पाठवतो, त्याची बाटली इतरांच्या आधी भरते आणि रेलमध्ये दाब टिकत नाही. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. चारही बाटल्यांत डिझेल बरोबरीने चढलं. ज्या नोझलसाठी मी पैसे जमवत होतो, ते चारही चांगले होते.

आता डोळे मिटा आणि एका थेंबामागून आत जा. नोझलच्या टोकाला केसाच्या दीड-दोन पट रुंदीची छिद्रं आहेत. पलीकडे पिस्टनने हवा सोळा-सतरा पट दाबली आहे. ती 500 अंश सेल्सियसच्या वर तापली आहे. स्पार्क नाही, ठिणगी नाही. डिझेल धुक्यासारखं आत येतं आणि त्या हवेला लागताच पेट घेतं. चढाला पूर्ण जोरात असतानाही एका वेळी जातं ते ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाएवढंच. मिनिटाला 3,000 फेऱ्या असतील तर एका सिलेंडरमध्ये हे सेकंदाला 25 वेळा होतं. साठ पेट्या, गाडी आणि मी, आम्ही सगळे कुंभार्ली चढतो ते या एकेका थेंबावर.

आणि इथे आत, शेवटच्या टोकाला, पुन्हा हवाच भेटली हे बघा. झाकणातून टाकीत उतरते ती हीच, डिझेलला वर चढवणारी. नळीच्या चिरेतून शिरते तीही हीच, गाडी घाटात उभी करणारी. सिलेंडरमध्ये तापून थेंब पेटवते तीही हीच. हवेचा दोष कुठेच नव्हता. तिला जिथून आत घ्यायचं ती वाट उघडी ठेवणं आणि जिथून घ्यायचं नाही ती बंद ठेवणं, एवढं काम माझं होतं, आणि ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर हंगामाआधी मी गाडीखाली जातो. प्रत्येक रबरी नळी दोन बोटांत धरून दाबतो. मऊ लागली तर ठेवतो, कडक लागली तर बदलतो. ओलं कुठे दिसतं का बघतो, पण कोरड्या जोडांवरून बोट जास्त वेळ फिरवतो.

आता डोळे उघडा. कठडा तिथेच आहे, माल तिथेच आहे. वाट एकदा चालून झाली आहे, तेव्हा मागे घेतलेला हात पुढे करायला हरकत नाही. पाना अजून राहू द्या. आधी टाकीचं झाकण सावकाश सैल करा, आणि कान लावून ऐका.